काटा खोटा की तार खोटी? जुन्या गाडीच्या डॅशबोर्डचा इतिहास

(हा या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जे बोललो तेच थोडं नीट करून इथे टाकलंय. गाडीत ऐकणार असाल तर ऐका, गाडीखाली झोपून वाचणार असाल तर हे उघडून ठेवा.)

अकोल्याच्या जुन्या शहरातून, मोर्णेच्या या काठावरून, तुमचं स्वागत. आज राजे नाहीत, लढाया नाहीत. आज आपण एका काट्याचा इतिहास बघणार आहोत. तुमच्या आजोबांच्या, मामांच्या किंवा शेजारच्या काकांच्या जुन्या गाडीत स्टिअरिंगच्या मागे जे दोन-तीन काटे असतात ना, ते. एक पेट्रोलचा, एक इंजिनच्या गरमीचा आणि एक वेगाचा. आणि यातला एक तरी बंद असतोच.

वऱ्हाडात 'काटा' हा शब्द साधा नाही. कापूस घेऊन जिनिंगवर गेलेल्या माणसाला विचारा. बैलगाडी असो की ट्रॅक्टर, त्याची नजर काट्यावर असते. 'काटा मारणे' हा वाक्प्रचार आपल्याकडे उगाच नाही आला. काटा खोटा झाला की कुणाचं तरी नुकसान होतं, हे इथल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. गाडीच्या काट्याचंही तसंच आहे. फरक एवढाच की गाडीत बहुतेक वेळा काटा कुणी मारलेला नसतो. काटा बिचारा त्याच्यापर्यंत जे आलं तेच सांगत असतो. गडबड असते ती मधल्या रस्त्यात. आजच्या एपिसोडचा मुद्दा हाच आहे, आणि तो नीट कळायचा असेल तर हा मधला रस्ता कसा तयार झाला ते आधी बघावं लागेल.

डॅशबोर्ड घोड्याचा होता

मी दिवसभर कोड लिहितो. आमच्याकडे डॅशबोर्ड म्हणजे स्क्रीनवरचे आलेख: सर्व्हर चालू आहे का, किती लोक आलेत, किती एरर आले. पण मूळ डॅशबोर्ड ही लाकडाची किंवा चामड्याची एक आडवी फळी होती. घोडागाडीत हाकणाऱ्याच्या पुढे ती बसवत. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये, एवढंच तिचं काम. टांग्यात बसलेल्यांना कल्पना येईल. मोटार आली, घोडा गेला, फळी तेवढी राहिली. मग तिच्यावर एकेक घड्याळासारखी तबकडी बसत गेली.

तबकडी आणि काटा मात्र मोटारीच्या आधीचे. फ्रान्समध्ये युजीन बुर्दाँ या इंजिनिअरने १८४९ मध्ये वाफेचा दाब मोजायचं एक सुंदर साधन काढलं. वाकडी, चपटी, पोकळ नळी. आत दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. जत्रेत मिळणारी कागदाची पिपाणी फुंकली की उलगडते ना, अगदी तसं. वाफेवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राला ही तबकडी लागली. जीआयपी रेल्वेचा फाटा भुसावळहून अकोल्यावरून पुढे १८६७ मध्ये नागपूरला पोचला. त्या वाफेच्या इंजिनांवर आणि पुढे कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगच्या बॉयलरवर दाबाचा काटा असायचाच. तो खोटा निघाला तर बॉयलर फुटायचा. म्हणजे तबकडीवरचा काटा आपल्या भागात आला तो मोटारीतून नाही, कापसाच्या मागे मागे आला.

काठी, झाकण आणि केबल

सुरुवातीच्या मोटारींत काटे जवळजवळ नव्हतेच. फोर्डची मॉडेल टी १९०८ ला आली, १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या विकल्या गेल्या. तिची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली. पेट्रोल किती आहे ते बघायचं तर सीट उचला, झाकण काढा, आत काठी घाला. हसू नका. आजही आपण बाइक जागेवर हलवून 'खळखळ' ऐकतोच की! तंत्रज्ञान तेच, काठीसुद्धा वाचवली.

गरमीचं काय? १९१२ च्या सुमारास अमेरिकेत बॉइस मोटोमीटर निघालं. रेडिएटरच्या झाकणावर चक्क एक थर्मामीटर उभा. ड्रायव्हरने काचेतून बाहेर, बोनटच्या टोकाकडे बघायचं. आकडा जिथे तयार होतो तिथेच वाचायचा. मध्ये तार नाही, पाइप नाही.

वेगाचं कोडं जर्मनीच्या ऑटो शुल्झने सोडवलं. १९०२ मध्ये त्याने पेटंट घेतलं, आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षं जगभरच्या गाड्या जवळजवळ त्याच पद्धतीवर चालल्या. गिअरबॉक्समधून एक लवचीक केबल निघते, ती मीटरच्या मागे एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. ती चुंबकाला चिकटत नाही, स्पर्शही करत नाही. पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत वीज खेळते आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाते. एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोघांच्या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो तुमचा वेग.

यानंतर गाड्यांना बंद केबिन आली, टाकी मागे गेली, आणि ड्रायव्हरला सगळं बसल्या जागी हवं झालं. १९२०-३० च्या दशकांत विजेचे गेज रुळले. टाकीत तरंगणारा फ्लोट, त्याला जोडलेला रोध, म्हणजे रेझिस्टन्स, तिथून एक तार पुढे डॅशबोर्डपर्यंत. मोजणारा मागे, दाखवणारा पुढे, आणि मध्ये तीन-चार मीटर वायर. सोय झाली, पण त्या दिवसापासून काटा दुसऱ्याच्या सांगण्यावर अवलंबून राहिला.

सोलापूरचा माणूस, कुर्ल्याचा कारखाना

आता आपल्याकडे येऊ. वालचंद हिराचंद, जन्म १८८२, सोलापूर. जहाजं, विमानं, साखर, सगळ्यांत हात घातलेला माणूस. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार, मग इटलीच्या फियाटशी. वालचंद १९५३ मध्ये गेले. त्याच सुमारास सरकारने धोरण ठरवलं की सुटे भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्यांना इथे जागा नाही, गाडी इथे बनवायची योजना हवी. फोर्ड आणि जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेल्या. प्रीमियर राहिली. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट, १९७२ मध्ये तिचंच नाव प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४ मध्ये पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं.

आपल्याला इथे महत्त्वाची गोष्ट ही की त्या काळात गाडी बुक करून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. एकदा मिळाली की ती वीस-तीस वर्षं चालवायचीच. गाडी बदलणं हा पर्याय नव्हता, म्हणून दुरुस्ती हा धर्म झाला. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि महिंद्राची जीप यांच्यावर मिस्त्र्यांच्या कित्येक पिढ्या तयार झाल्या. मुंबईत 'काळी-पिवळी' म्हटलं की पद्मिनी टॅक्सी डोळ्यापुढे येते, आपल्याकडे तोच शब्द गावोगाव माणसं कोंबून नेणाऱ्या जीपला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी, वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर रस्त्यावरून उतरली. गाडी जाते तेव्हा तिचा काटा वाचायची विद्याही जाते. म्हणून ती इथे लिहून ठेवतोय.

एक काटा की सगळे?

जुन्या गाडीत पेट्रोलचा आणि गरमीचा काटा बहुधा बायमेटल पद्धतीचा असतो. दोन वेगळ्या धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी, तिच्याभोवती बारीक तार. तारेतून वीज गेली की पट्टी तापते, वाकते, काटा ढकलते. म्हणून चावी फिरवल्यावर हे काटे सावकाश, आळस देत वर येतात, आणि खड्ड्यांत थरथरत नाहीत. आपल्या रस्त्यांसाठी उत्तमच.

पण एक अडचण. इंजिन बंद असताना बॅटरी साधारण १२ व्होल्ट देते, चार्जिंग चालू असताना १४. मग तेवढ्याच पेट्रोलला काटा दोन वेगळी उत्तरं देईल. म्हणून मध्ये एक छोटी डबी बसवली, व्होल्टेज स्टॅबिलायझर. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीत ती सरासरी १० व्होल्ट देते, तेही चालू-बंद, चालू-बंद करत.

आता खरी तपासणी. आमच्या धंद्यात एरर आला की पहिला प्रश्न असतो: एकाच युजरला की सगळ्यांना? इथेही तोच.

पेट्रोल आणि गरमी, दोन्ही काटे एकदमच मेले? मग टाकी आणि इंजिनला हात लावू नका. दोघांना सामाईक काय आहे ते बघा: फ्यूज, स्टॅबिलायझर, मीटरमागची वायर. दोन्ही काटे एकदमच जास्त दाखवतायत? स्टॅबिलायझर अडकलाय किंवा त्याचं अर्थिंग सुटलंय, त्यामुळे पूर्ण व्होल्टेज पुढे जातंय. टेस्ट लॅम्प लावा. जुना स्टॅबिलायझर नीट असेल तर दिवा लुकलुकतो. सतत पेटलेला किंवा पूर्ण बंद असेल तर डबी गेली. हल्ली हौशी लोक तिच्या जागी १० व्होल्टची साधी रेग्युलेटर आयसी बसवतात, ७८१० नावाची. स्वस्त आणि टिकाऊ.

पेट्रोलचा काटा

एकटा पेट्रोलचा काटाच बिघडलाय असं धरू. टाकीवरच्या सेंडरची तार काढा, चावी फिरवा, काटा बघा. मग चावी बंद करून ती तार गाडीच्या बॉडीला जोडा, पुन्हा चावी फिरवा. बहुतेक बायमेटल गेजमध्ये तार मोकळी असताना काटा रिकाम्याकडे जातो आणि बॉडीला जोडली की भरलेल्याकडे. काही गाड्यांत उलटं असतं. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, तर काटा ठीक, तारही ठीक, दोष टाकीकडे. काटा हललाच नाही, तर दोष तारेत किंवा मीटरमध्ये.

इथे दोन गोष्टी जीव लावून ऐका. एक, पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी म्हणजे खेळ नाही. म्हणून आधी जोडणी, मग चावी, हा क्रम. म्हणजे ठिणगी पडलीच तर स्विचमध्ये पडेल, टाकीपाशी नाही. गाडी मोकळ्या हवेत हवी. टाकी गळत असेल तर ही तपासणी करायचीच नाही. दोन, तार थेट बॉडीला फार वेळ ठेवू नका, गेजमधली बारीक तार जळू शकते. मध्ये छोटा बल्ब किंवा रोध लावला तर अजून बरं.

दोष टाकीकडे निघाला तरी लगेच सेंडर विकत घ्यायला धावू नका. आधी अर्थिंग. सेंडरची वीज परत जायचा रस्ता म्हणजे टाकी आणि बॉडीमधला सांधा. वीस-तीस पावसाळे खाल्लेल्या गाडीत तिथे गंज असतो. मल्टिमीटरने टाकी आणि चेसिसमधला रोध मोजा. एक ओहमपेक्षा जास्त आला तर पॉलिश पेपर घ्या, सांधा घासा, किंवा एक स्वतंत्र अर्थ वायर ओढा. किती काटे निव्वळ या दहा रुपयांच्या वायरने उठतात!

तरीही नाही? मग सेंडर बाहेर काढा. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोट फुटलाय, तो बुडतो आणि काटा कायम कमी दाखवतो. फ्लोट नीट असेल तर दांडी हळूहळू वर-खाली करा आणि मीटरवर रोध बघा. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच उडी मारली तर तिथली तार झिजलीय. अर्ध्या टाकीवर काटा अचानक पडतो आणि पुन्हा उठतो, त्याचं कारण हेच.

गरमीचा काटा: अकोल्यात जीव इथेच अडकतो

पेट्रोलचा काटा खोटा निघाला तर फार तर ढकलत पंपावर जाल. गरमीचा काटा खोटा निघाला तर इंजिन जातं.

थोडं गणित करू. पाणी ९० अंशांवर आहे आणि बाहेर २५, तर रेडिएटरला ६५ अंशांचा फरक मिळतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं, फरक उरतो ४५. रेडिएटरची उष्णता फेकायची ताकद या फरकावरच अवलंबून असते, म्हणजे ती साधारण एक तृतीयांश कमी झाली. त्याच गाडीत, त्याच रेडिएटरमध्ये. इटलीच्या हवेसाठी आखलेलं इंजिन वऱ्हाडच्या उन्हात का धापा टाकतं, ते यात आलं.

या काट्याचा सेंडर इंजिनमध्ये, पाण्यात बुडालेला. पाणी तापलं की त्याचा रोध कमी होतो, वीज जास्त जाते, काटा चढतो. तपासणी तीच: तार काढली की काटा थंडकडे, बॉडीला जोडली की गरमकडे. सेंडर बाहेर काढून पातेल्यात पाणी तापवत, शेजारी थर्मामीटर ठेवून रोध मोजता येतो. तो सलग उतरत गेला पाहिजे.

तीन सापळे आहेत. पहिला, दुकानातून आणलेला सेंडर. आटे जुळले म्हणजे सेंडर जुळला असं नाही. आतला रोध वेगळा असेल तर काटा चालेल, पण चुकीचं सांगेल, आणि चालतोय म्हणून तुम्ही विश्वास ठेवाल. बंद काट्यापेक्षा हा वाईट. दुसरा, आट्यांवर गुंडाळलेली टेफ्लॉन टेप. पाणी गळू नये म्हणून लावतात, पण सेंडरचं अर्थिंग त्या आट्यांतूनच होतं. टेप जाड झाली की काटा कमी दाखवतो. तिसरा, थर्मोस्टॅट काढून टाकणं. 'इथे गरमीच इतकी, थर्मोस्टॅट कशाला' म्हणून तो काढायची पद्धत जुनी आहे. मग हायवेवर काटा वर येतच नाही आणि आपण चांगल्या काट्यावर संशय घेतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी गरम होऊन काटा लालपर्यंत चढला, आणि मग आपोआप खाली आला. हायसं वाटतं ना? तिथेच गाडी थांबवा. पाणी उकळून निघून गेलं असेल तर सेंडर कोरडा पडतो. त्याला पाणीच लागत नाही, मग तो थंड वाटतो. काटा खाली, आणि इंजिन जळतंय. इथे काट्याचा दोष शून्य. त्याला जे कळलं ते त्याने सांगितलं. आणि हो, गरम रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. तासभर गेला तरी चालेल.

वेगाचा काटा आणि तुमचा फोन

हे सोपं. काटा थरथरतोय: केबल कोरडी पडलीय किंवा कुठेतरी जास्त वाकलीय. काढा, पुसा, हलकं ग्रीस लावा, मोठ्या वळणाने बसवा. काटा आणि किलोमीटरचे आकडे दोन्ही बंद: केबल तुटलीय किंवा गिअरबॉक्सकडचा दातेरी भाग गेलाय. आकडे फिरतायत पण काटा मेलाय: मीटरच्या आत, शुल्झच्या त्या वाटीपाशी दोष.

बरोबर आहे की नाही ते तपासायला फोनचा जीपीएस घ्या. अमरावती हायवेवर मोकळ्या सरळ पट्ट्यात ६० चा वेग स्थिर ठेवा, आणि आकडा शेजारच्याला वाचायला लावा, स्वतः नाही. काटा जीपीएसपेक्षा थोडा जास्त दाखवत असेल तर चालेल, मीटर मुद्दाम तसेच बनवतात. कमी दाखवत असेल तर बघायला हवं. टायरची साइज बदलली असेल तर आधी तिथे बघा. आणि वेगमापक ही हौस नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमांत तो असायलाच लागतो.

आता काटा कोण हलवतं?

आजच्या गाडीत हा सगळा रस्ता बदललाय. सेन्सर आकडा कॉम्प्युटरला देतो, कॉम्प्युटर काट्याला. आणि मध्ये आमच्यासारखा कुणीतरी बसून ठरवतो की काट्याने काय दाखवायचं. अनेक नव्या गाड्यांत गरमीचा काटा एकदा मध्यावर आला की पाणी पुढे बरंच तापलं तरी तिथेच ठेवतात, कारण काटा थोडा हलला की ग्राहक घाबरून सर्व्हिस सेंटरला येतो. कितीतरी छोट्या गाड्यांतून तो काटाच गेला, एक लाल दिवा उरला. तो लागतो तेव्हा बरंचसं होऊन गेलेलं असतं.

याला काटा मारणे म्हणायचं का? मी म्हणेन, पूर्ण नाही. आता बिघाडाचा कोड नेमका मिळतो, एका केबलने अर्धी गाडी वाचता येते. पण जुना काटा गंजलेल्या सांध्याचीही बातमी आणायचा, उतरलेल्या बॅटरीचीही. तो चंचल होता, पण त्याचा सगळा रस्ता एका तारेने, एका पान्याने, एका दुपारी तुम्हाला स्वतः चालून बघता यायचा. नव्या काट्याचा रस्ता बंद डबीत आहे, आणि तिची चावी तुमच्याकडे नाही.

म्हणून जुनी गाडी घरात उभी असेल तर ती भंगारात द्यायच्या आधी एक दुपार तिच्यासोबत काढा. स्क्रूड्रायव्हर, टेस्ट लॅम्प, एक साधा मल्टिमीटर, पॉलिश पेपर. आणि शेजारी एखादा जुना मिस्त्री असेल तर त्याला चहा पाजा, त्याला विचारा. कापसाच्या काट्यावर जसं आपण म्हणतो, 'आधी रिकामा काटा दाखवा, मग माल चढवा', तसंच इथे. आधी रस्ता तपासा, मग काट्याला दोष द्या.

एवढंच आज. हायवेला लागण्याआधी पाणी बघून घ्या, ऊन लय आहे. भेटू पुढच्या भागात!